पोटाचा श्वास: निरोगी माणसात तो काय बदलतो आणि नीट कसा शिकायचा

पोटाचं किंवा छातीचं ऑपरेशन झालेल्या, न्यूमोनियातून उठलेल्या पेशंटला फिजिओथेरपिस्ट सुरुवातीलाच जे शिकवतात त्यात पोटाचा श्वास हमखास असतो. कोविडच्या काळात तो रुग्णालयातून घराघरांत पोचला, आणि त्याच्याबरोबर श्वास ओढून चेंडू वर उचलायचं तीन चेंडूंचं यंत्र आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही आला. दुखणं गेलं तरी सवय राहिली. आज धडधाकट माणसंही सकाळी गच्चीत उभी राहून मोठमोठे श्वास ओढतात, ‘फुप्फुसं मोठी होतात’, ‘ऑक्सिजन वाढतो’ या समजुतीने. निरोगी माणसात या दोन्हींपैकी काहीही होत नाही. फायदा आहे, पण तो श्वासाच्या गतीत आहे, मानेच्या स्नायूंना मिळणाऱ्या विश्रांतीत आहे आणि नाडीच्या लयीत आहे. फायदा कुठे आहे हेच चुकलं की पद्धतही चुकते: माणूस सावकाश श्वास घेण्याऐवजी मोठे श्वास घेतो, आणि दहा मिनिटांत हाताला मुंग्या आल्या म्हणून घाबरतो.

हा लेख निरोगी, प्रौढ व्यक्तीसाठी आहे. दमा, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) किंवा हृदयविकार असणाऱ्यांसाठी पुढे वेगळ्या सूचना दिल्या आहेत. त्या आधी वाचाव्यात.

आत नेमकं काय हलतं

छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचा एक पातळ स्नायू आडवा पसरलेला असतो. तो म्हणजे श्वासपटल. बसल्याजागी चालणाऱ्या शांत श्वासाचं बहुतेक काम तो एकटा करतो. शांत श्वासात त्याचा घुमट एक ते दोन सेंटिमीटर खाली येतो आणि पूर्ण खोल श्वासात सहा ते दहा सेंटिमीटरपर्यंत. घुमट खाली आला की पोटातले अवयव दाबले जातात. त्यांना खाली आणि मागे जायला जागा नसते, म्हणून पोटाची भिंत पुढे येते. ‘पोटाचा श्वास’ हे नाव त्यावरून पडलं. पोटात हवा जात नाही, हवा फुप्फुसातच जाते.

पण पोट पुढे येणं ही अर्धीच गोष्ट झाली. श्वासपटलाची कड खालच्या बरगड्यांच्या आतल्या बाजूला लागून असते. स्नायू आकसला की तो या बरगड्यांनाही वर खेचतो, आणि बादलीची कडी उचलल्यावर जशी बाहेरच्या बाजूला जाते तशा त्या दोन्ही कुशींकडे फाकतात. म्हणून खऱ्या श्वासपटलाच्या श्वासात दोन हालचाली दिसल्या पाहिजेत: बेंबीच्या वरचा भाग पुढे आणि खालच्या बरगड्या बाजूला. फक्त पोट फुगतंय म्हणजे श्वास बरोबर चाललाय असं मानू नका. आत्ता नाक दाबून, तोंड मिटून पोट पुढे ढकलून पाहा. पोट छान फुगेल, आणि हवा मात्र जराही आत जाणार नाही. बरेच जण महिनोन् महिने जवळपास हाच व्यायाम करत असतात.

मानेच्या दोन्ही बाजूंना, कानामागून गळ्याच्या खड्ड्याकडे तिरके उतरणारे दोन जाड स्नायू हाताला लागतात. पळताना, जिना चढताना ते छातीचा पिंजरा वर उचलायला मदत करतात, आणि ते योग्यच आहे. खुर्चीत बसून मोबाइल पाहताना मात्र ते मऊ असायला हवेत. दर श्वासाला ते ताठ होत असतील, खांदे किंचित वर जात असतील, तर श्वासपटलाचं काम मान करते आहे. संध्याकाळी मान-खांदे भरून येण्यामागे अनेकदा हेही एक कारण असतं. शाळेतल्या कवायतीच्या तासाला ऐकलेलं ‘छाती बाहेर, पोट आत’, घट्ट बेल्ट, करकचून बांधलेली परकराची नाडी आणि पोट दिसू नये म्हणून दिवसभर आत ओढून धरण्याची सवय, यांतून हा श्वास हळूहळू वर सरकतो.

मोठा नव्हे, सावकाश: यामागचं गणित

या विषयात एवढं एक गणित कळलं तर बाकीचं सोपं जातं.

मध्यम बांध्याचा माणूस आरामात असताना एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो आणि मिनिटाला सुमारे १२ वेळा. म्हणजे मिनिटाला ६ लिटर. पण प्रत्येक श्वासातली जवळपास १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिकांमध्येच राहते. वायूंची देवाणघेवाण होते त्या वायुकोशांपर्यंत ती पोचत नाही. म्हणजे कामी येणारी हवा ३५० मिलिलिटर, आणि मिनिटाला १२ श्वास धरले तर ४.२ लिटर.

आता तोच माणूस घाईघाईने, वरवर, मिनिटाला २४ वेळा २५० मिलिलिटरचे श्वास घेऊ लागला असं समजा. एकूण हवा तीच, ६ लिटर. पण प्रत्येक श्वासातले फक्त १०० मिलिलिटर कामी येतात, म्हणजे मिनिटाला २.४ लिटर. श्वासांची संख्या दुप्पट आणि मिळकत निम्म्याच्या जवळ. उथळ श्वास वाईट का, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

उलट टोकही पाहा. मिनिटाला ६ श्वास आणि प्रत्येक श्वास पूर्ण १ लिटरचा. कामी येणारी हवा ८५० मिलिलिटर गुणिले ६, म्हणजे ५.१ लिटर. गरज ४.२ ची असताना ५.१ लिटर हवा खेळवली तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर फेकला जातो. त्याचा रक्तातला दाब निरोगी माणसात ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असतो. या हिशेबाने ४० चा दाब काही वेळात ३३ च्या आसपास उतरतो. कार्बन डायऑक्साइड उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. मग डोकं हलकं होतं. शिवाय ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, छातीत विचित्र वाटतं. काही जणांना हाच ‘परिणाम जाणवला’ असं वाटून आनंद होतो. तो चांगला परिणाम नाही. गरजेपेक्षा जास्त हवा घेतल्याची ती खूण आहे.

मग सहाच्या गतीला श्वास केवढा हवा? ४.२ लिटर भागिले ६, म्हणजे ७०० मिलिलिटर, अधिक वाटेत अडकणारे १५०. एकूण ८५०. मिनिटाला १० श्वासांच्या गतीला तर ५७० पुरतात, नेहमीच्या श्वासापेक्षा जेमतेम ७० मिलिलिटर जास्त. हे आकडे शरीराच्या आकारमानाप्रमाणे बदलतात, आणि घरी कुणी मिलिलिटर मोजत बसणार नाही. लक्षात एवढंच ठेवायचं की गती थोडी कमी केली की श्वास थोडाच वाढवायचा असतो, छाती गच्च भरायची नसते.

आणि ऑक्सिजन? निरोगी माणसाचा ऑक्सिमीटर मुळातच ९५ ते १०० दाखवतो. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन जवळपास पूर्ण भरलेलं असतं. त्यात आणखी भरायला जागा नसते. व्यायामाआधी ९७ आणि नंतर ९९ आले तर तो फरक यंत्राकडून होऊ शकणाऱ्या चुकीएवढाच आहे. या व्यायामाची प्रगती ऑक्सिमीटरवर मोजू नका.

सुरू करण्याआधी चार नोंदी

वहीत तारीख टाकून चार गोष्टी लिहा, आणि चार आठवड्यांनी पुन्हा मोजा.

पहिली नोंद श्वासाच्या गतीची. स्वतःची गती स्वतः मोजता येत नाही. लक्ष गेलं की श्वास बदलतोच. तुम्ही वाचत किंवा टीव्ही पाहत असताना घरातल्या कुणीतरी न सांगता पूर्ण ६० सेकंद मोजावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्यात एका श्वासाची चूक चारची होते. प्रौढांत १२ ते २० हा नेहमीचा पट्टा आहे.

दुसरी, छातीचा फुलाव. शिंप्याचा टेप छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाच्या पातळीवर गोल धरा. पूर्ण श्वास सोडून एक माप, पूर्ण घेऊन दुसरं. टेप पाठीमागे सरकलेला नाही ना, हे दुसऱ्या कुणाला तरी पाहू द्या. तीन वेळा मोजून सर्वांत मोठा फरक लिहा. निरोगी तरुण माणसात हा फरक साधारण तीन सेंटिमीटर किंवा जास्त असतो. वयानुसार तो कमी होतो.

तिसरी, मनगटाची नाडी, पाच मिनिटं शांत बसल्यावर, पूर्ण एक मिनिट.

चौथी नोंद हातांची. खुर्चीत बसून एक हात गळ्याच्या खड्ड्याखाली छातीवर आणि दुसरा बरगड्यांच्या खालच्या त्रिकोणात, बेंबीच्या वर ठेवा. नेहमीसारखा श्वास चालू द्या. आधी कुठला हात हलतो? जास्त कुठला हलतो? श्वास घेताना पोट आत तर जात नाही ना? जे दिसेल ते लिहा, सुधारायला जाऊ नका.

पहिला टप्पा: उताणं झोपून

शिकायला सुरुवात झोपूनच करावी. या स्थितीत पाठ आणि पोटाच्या स्नायूंना शरीर ताठ धरायचं काम नसतं, पोटाची भिंत सैल पडते आणि श्वासपटलाची हालचाल हाताला सहज कळते. पहिल्याच दिवशी बसून केलं तर बहुतेकांना काहीच जाणवत नाही आणि ते जोर लावू लागतात.

जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्या. भरलेलं जठर श्वासपटलाच्या बरोबर खाली असतं आणि ते वाट अडवतं. बेल्ट, नाडी, हूक सैल करा. जमिनीवर सतरंजी किंवा चटई घाला. गादी फार मऊ असेल तर पाठीला होणारी बरगड्यांची हालचाल कळत नाही. डोक्याखाली एक पातळ उशी, गुडघ्यांखाली दोन जाड उश्या किंवा गुंडाळलेली गोधडी. गुडघे दुमडलेले राहिले पाहिजेत. सरळ पायांनी पोट ताणलेलं राहतं.

हात मघासारखेच, एक छातीवर, एक पोटाच्या वरच्या भागावर. कोपर जमिनीला टेकलेले.

सुरुवात श्वास सोडण्यापासून करा. तोंडातून किंवा नाकातून, उसासा टाकतो तसा श्वास सोडा आणि थांबा. थांबायचं म्हणजे श्वास रोखायचा नाही. पुढचा श्वास आपण ओढायचा नाही, तो येईल तेव्हा येऊ द्यायचा. एक-दोन सेकंदांत तो आपोआप येतो. तो नाकातून येऊ द्या. पोटावरचा हात बोटभर उचलला गेला, छातीवरचा हात जवळपास स्थिर राहिला आणि नाकाचा आवाज तुमचा तुम्हाला ऐकू आला नाही, तर श्वास बरोबर झाला. मग काही न करता सोडून द्या. ताणलेली फुप्फुसं आपोआप आकसतात. शांत श्वास सोडायला कुठल्याही स्नायूची गरज नसते.

असे चार श्वास घ्या. मग हात तसेच ठेवून दोन-तीन श्वास नेहमीप्रमाणे. पुन्हा चार. एकूण पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. पहिला पूर्ण आठवडा एवढंच करायचं आणि आकडे अजिबात मोजायचे नाहीत.

हात हलतच नसेल तर एक युक्ती आहे. फुलाचा वास घेतो तसे नाकाने तीन छोटे, तुटक हुंगे घ्या: हुं, हुं, हुं. जोराने हुंगताना श्वासपटल झटकन आकसतं, आणि पोटावरच्या हाताला प्रत्येक हुंग्याला टिचकी बसल्यासारखं जाणवतं. तो स्नायू सापडला. आता तीनऐवजी दोन हुंगे जरा लांब करा, मग एकच, अगदी सावकाश. फिजिओथेरपिस्ट ही युक्ती नेहमी वापरतात आणि ती सहसा फसत नाही.

तरीही श्वास घेताना पोट आतच जात असेल तर पालथे झोपा, कपाळाखाली दुमडलेले हात, मकरासनासारखे. पोट जमिनीला दाबलं जातं, त्यामुळे श्वास आत येताच कंबर वर उचलली जाते आणि येणारी हालचाल लपत नाही. तीन-चार दिवस असं करून पुन्हा उताणे व्हा.

काही ठिकाणी पोटावर वाळूची पिशवी किंवा जाड पुस्तक ठेवायला सांगतात. अर्धा ते एक किलो वजन चालेल. त्याने श्वासपटल बळकट होतं असं समजू नका. निरोगी श्वासपटलाला एवढं वजन काहीच नाही. पोट कुठे आणि किती हलतं याकडे लक्ष राहावं एवढाच त्याचा उपयोग.

दुसरा टप्पा: बरगड्या आणि आकडे

दुसऱ्या आठवड्यात छातीवरचा हात काढा आणि दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांवर, कुशींना ठेवा. अंगठे मागे, बोटं पुढे. श्वास आत येताना बोटांची टोकं एकमेकांपासून थोडी दूर गेली पाहिजेत. पोट पुढे येतंय पण बरगड्या हलत नाहीत, असं दिसलं तर पोट ढकललं जातंय. अशा वेळी श्वासाचा जोर निम्मा करा. जोर कमी केल्यावर बरगड्या हलू लागतात. मेहनत वाढवून हे कधीच सुधारत नाही.

आता गती. घड्याळाचा सेकंदकाटा समोर ठेवा किंवा मनात एक-दोन-तीन म्हणा. पहिले चार दिवस दोन सेकंद आत, चार सेकंद बाहेर. ही मिनिटाला १० ची गती झाली. जमलं की तीन आत, चार बाहेर. ही साडेआठच्या आसपास. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी चार आत, सहा बाहेर, म्हणजे बरोबर सहा. पुढच्या पायरीवर कधी जायचं? पाच मिनिटं झाल्यावर जांभई, उसासा किंवा एखादा मोठा घोट हवा घ्यावीशी वाटली नाही तर. वाटली, तर ती गती तुमच्यासाठी अजून फार कमी आहे. आधीच्या पायरीवर परत या. सहापर्यंत जाणं सक्तीचं नाही. कित्येकांना आठच सुखाची वाटते, आणि आठवर राहिलं तरी काही बिघडत नाही.

तिसरा टप्पा: बसून, उभं राहून, चालताना

खुर्चीत पुढच्या कडेला बसा, तळपाय जमिनीवर टेकलेले, मांडीवर उशी आणि उशीवर कोपर. हातांचं वजन उशीने घेतलं की खांदे आपोआप सैल पडतात. बसल्यावर पोटाची हालचाल झोपून होती तेवढी दिसणार नाही आणि बरगड्यांची जास्त दिसेल. सरळ स्थितीत पोटाचे स्नायू थोडे ताणलेले असतात, म्हणून असं होतं. ‘बसलं की जमत नाही’ ही तक्रार बहुधा झोपण्यातलीच हालचाल बसून शोधल्यामुळे येते.

उभं राहताना भिंतीला पाठ टेकवा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. मग भिंत सोडून.

चालताना आकडे सेकंदांचे नव्हे, पावलांचे ठेवा: दोन पावलं आत, तीन बाहेर. जिना किंवा सिंहगडाची चढण सुरू झाली की आकडे सोडून द्या. आरामात ६ लिटर लागणारी हवा जोराच्या श्रमात कित्येक पटींनी वाढते, आणि तेव्हा श्वास जलद होणं, मानेचे स्नायू कामाला लागणं हे शरीराचं बरोबर उत्तर आहे. चढावर सहाची गती धरून ठेवणारा माणूस लवकर दमतो. चढून झाल्यावर, थांबल्यावर मात्र या श्वासाचा खरा उपयोग होतो: पुढे किंचित वाकून, हात मांडीवर टेकून, आधी लांब सोडणं आणि मग खालच्या बरगड्यांतून घेणं. घाबरा झालेला श्वास त्याने लवकर खाली उतरतो.

नाडीत काय होतं

चार-सहाच्या गतीवर स्थिरावल्यावर मनगटावर दोन बोटं ठेवा आणि मोजू नका, फक्त ठोके जाणवू द्या. श्वास आत येताना ठोके जरा जवळ येतात, बाहेर जाताना लांबतात. तरुण, निरोगी माणसात हा फरक बोटाला स्पष्ट कळतो. वय वाढेल तसा तो पुसट होत जातो. हा हृदयाचा दोष नाही. श्वास सोडताना हृदयाला शांत करणाऱ्या व्हेगस नसेचा प्रभाव वाढतो आणि घेताना कमी होतो, म्हणून हे होतं.

सहाच्याच गतीचा एवढा आग्रह का, याचं कारणही इथेच आहे. रक्तदाब सावरणारी शरीराची जी यंत्रणा आहे तिची स्वतःची लय सुमारे दहा सेकंदांची असते. श्वासही दहा सेकंदांचा केला की दोन्ही लयी जुळतात आणि नाडीतला चढउतार सर्वांत मोठा होतो. २००१ मध्ये इटलीतल्या लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी प्रौढांमध्ये एक सुंदर गोष्ट मोजली. जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणताना, कुणी न सांगता, श्वास मिनिटाला सहाच्या जवळ येत होता आणि हृदयाची व रक्तदाबाची लय त्याबरोबर एकसारखी होत होती. सावकाश लयीत म्हटलेल्या नामजपातही श्वास लांबतो हे आपल्याकडे घरोघरी अनुभवाने माहीत असतं. इथे त्याला आकडा मिळाला.

काही आठवड्यांच्या सरावाबद्दलही पुरावा आहे, मात्र छोट्या अभ्यासांतला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या एका अभ्यासात ४० निरोगी प्रौढांपैकी सराव केलेल्या गटात, आठ आठवड्यांत २० सत्रांनंतर, लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाशी निगडित संप्रेरक) कमी झालं आणि एकाग्रतेच्या चाचणीत सुधारणा दिसली. चाळीस माणसांवरून सगळ्यांना वचन देता येत नाही, पण दिशा पटण्यासारखी आहे.

स्पायरोमेट्रीच्या (फुंकर मारून फुप्फुसांची हवा मोजायच्या चाचणीच्या) आकड्यांत, म्हणजे पूर्ण भरून सोडलेली हवा आणि पहिल्या सेकंदात सोडलेली हवा यांत, निरोगी माणसाने मोठी वाढ अपेक्षू नये. फुप्फुसांचा आकार उंची, वय आणि लिंग यांवर ठरतो. सरावानंतर थोडी वाढ दिसलीच तर पुष्कळदा माणूस चाचणीची फुंकर जास्त चांगली मारायला शिकलेला असतो. ‘हवा फुप्फुसाच्या तळाशी पाठवा’ ही सूचनाही शब्दशः घेऊ नये. ताठ बसलेल्या माणसात गुरुत्वाकर्षणामुळे तळाकडच्या भागात तशीही जास्त हवा खेळते.

कुठे बिघडतं

सर्वांत जास्त बिघडतं ते श्वास सोडताना. सहा सेकंद पुरे करण्यासाठी लोक शेवटी पोट आवळून हवा बाहेर ढकलतात. फुप्फुस नेहमीच्या पातळीपेक्षा रिकामं होतं, आणि पुढचा श्वास झटक्याने, छातीतून, आवाज करत येतो. आकडा पूर्ण झाला, श्वास मात्र बिघडला. सहा जमत नसतील तर पाच करा, किंवा ओठांचा हलका चंबू करून सोडा. वाट अरुंद झाली की हवा आपोआप सावकाश जाते. फुंकर मेणबत्ती हलवेल एवढीच, विझवेल एवढी नाही.

दुसरी चूक श्वास रोखण्याची. आपल्याकडे प्राणायामाची ओळख आधीपासून असते, म्हणून श्वास घेतल्यावर कुंभक आपोआप लागतो. प्राणायामाचं शास्त्र आणि त्याचा हेतू वेगळा. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेत १९२४ पासून त्याचा प्रयोगशाळेत अभ्यास होत आला आहे. इथे शिकवलेल्या श्वासात रोखणं नाही. दोन्हींची सरमिसळ करू नका, वेगवेगळ्या वेळी करा.

मुंग्या आल्या, गरगरलं, तोंड कोरडं पडलं, तर थांबा. उठू नका, दोन मिनिटं नेहमीचा श्वास चालू द्या, तो प्रकार जातो. दुसऱ्या दिवशी श्वास आकाराने लहान करा, गती तीच ठेवा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नये. त्रासाचं कारण हृदय किंवा फुप्फुस असेल तर तो धोक्याचा ठरतो.

श्वासाकडे लक्ष दिलं की काही जणांची घबराट वाढते. त्यांनी आकडे पूर्ण सोडावेत, डोळे उघडे ठेवावेत आणि कुशीवर झोपून फक्त सोडण्याकडे लक्ष द्यावं. तरीही वाढली तर हा व्यायाम त्यांच्यासाठी नाही.

आणि ते तीन चेंडूंचं यंत्र. त्यावर लिहिलेले ६००, ९०० आणि १२०० हे आकडे फुप्फुसांची क्षमता सांगत नाहीत. हवा सेकंदाला किती मिलिलिटर वेगाने ओढली, ते सांगतात. तिन्ही चेंडू झटक्यात उडवायला मानेचे स्नायूच लागतात, म्हणजे आपण शिकतोय त्याच्या नेमकं उलट. घरात यंत्र असेलच तर पहिला चेंडू वर उचलून तीन सेकंद टिकवा, दुसरा उठू देऊ नका. ६०० गुणिले ३ म्हणजे जवळपास १.८ लिटर हवा सावकाश आत गेली. असे तीन-चार श्वास पुरेत, कारण हा खोल श्वास आहे आणि लागोपाठ घेतला तर मुंग्या येतील.

कुणी करू नये, कुणी विचारून करावं

सीओपीडीमध्ये फुप्फुसं फुगून श्वासपटल आधीच सपाट झालेलं असू शकतं. अशा पेशंटला पोटाच्या श्वासाचा आग्रह धरला तर धाप कमी होण्याऐवजी वाढू शकते. त्यांच्यासाठी ओठांचा चंबू करून सोडणं बहुधा जास्त उपयोगी ठरतं, पण ते फिजिओथेरपिस्टने समोर बसवून ठरवावं. दमा, हृदयविकार, पोटाचं किंवा छातीचं ताजं ऑपरेशन, मोडलेली बरगडी, हर्निया, सतत कमी राहणारा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उताणं झोपून नको, डाव्या कुशीवर किंवा बसून करावं. गाडी चालवताना सराव कुणीच करू नये.

ताप, न्यूमोनिया किंवा मधुमेह बिघडल्यामुळे श्वास जलद किंवा खोल झाला असेल तर तो दाबून सावकाश करायचा प्रयत्न करू नका. शरीर तो मुद्दाम वाढवत असतं. छातीत दुखणं, बसल्याजागी धाप, ओठ निळसर पडणं, आडवं झाल्यावर दम कोंडणं आणि त्या वेळी श्वासाबरोबर पोट आत जाणं, यांतलं काहीही दिसलं तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच डॉक्टरकडे जा.

चार आठवड्यांनंतर

वहीतल्या चारही नोंदी पुन्हा करा. कुणी गुपचूप मोजलेली गती एक-दोनने उतरलेली असू शकते. छातीचा फुलाव थोडा वाढलेला दिसेल किंवा दिसणार नाही. नाडीत फार फरक नसेल. सर्वांत जास्त बोलकी असते ती चौथी नोंद, हातांची. खुर्चीत सहज बसल्यावर खालचा हात आधी हलत असेल आणि मान मऊ असेल, तर दिवसातून दोनदा सराव करण्याची आता गरज नाही. रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटं ठेवा, आणि दिवसा लिफ्टची वाट पाहताना, रांगेत उभं असताना, मीटिंगच्या आधी तीन-चार श्वास घ्या. हातांची नोंद बदललीच नसेल तर आकडे विसरून पहिल्या टप्प्यावर परत जा, आणि आणखी दोन आठवड्यांनीही तसंच राहिलं तर एकदा फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष दाखवा. त्यांच्या हातांना बरगड्यांवर जे दोन मिनिटांत कळतं ते स्वतःला पुष्कळदा कळत नाही.